हौदाचा पायरीकडचा कोपरा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, ऑफिसातल्या ज्या मैत्रिणीला माझ्या गुडघ्यांपासून सासूबाईंपर्यंत सगळं ठाऊक आहे तिलाही नाही. देवापुढे हात जोडते, घरच्यांची एकेक नावं घेते, आणि नंदूचं नाव आलं की जरा घाईने पुढे सरकते. तिथेसुद्धा थांबायची हिंमत होत नाही. आता मात्र दमले आहे. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही, ते मला शोभायचे नाहीत — एखादी गोष्ट वर्षानुवर्षं अंगावर वागवून माणूस नुसता थकतो ना, तेवढंच.

नंदू माझा धाकटा भाऊ. लहानपणी ताप आला आणि त्याचा डावा पाय बारीक राहिला. चालताना तो डाव्या गुडघ्यावर हात ठेवतो, पाय जरा ओढतो, आणि समोरचा आपल्या पायाकडे बघतोय असं दिसलं की काहीतरी विनोद करतो. साकीनाक्याला एका गाळ्यात तो स्टुलावर बसून स्क्रू पिशव्यांत भरतो. गेली कित्येक वर्षं हेच काम. तुम्ही म्हणाल, काम आहे, पोट भरतंय, वाईट काय त्यात? काही नाही. फक्त नंदू स्टुलावर बसायचा माणूस नव्हता. तो म्हशींचा माणूस होता, आणि तो त्या स्टुलावर कसा गेला हेच मला सांगायचं आहे.

आमचे अप्पा मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि सगळी नोकरी त्यांनी दूधधंद्यातच काढली. नोकरी सुटल्यावर घरी बसवेना, म्हणून आरे कॉलनीच्या दूधवसाहतीत एका टोकाला पडून असलेला लहानसा गोठा चालवायला घेतला. पाच-सहा म्हशी. आई तेव्हा नव्हती. मी लग्न होऊन मुलुंडला, नोकरी अंधेरीत. गोठ्यावर अप्पा आणि नंदू. अप्पा तोंडाने फटकळ, आणि नंदूच्या बाबतीत जरा जास्तच. ‘ह्याच्या पायार म्हशी कशा सांभाळूच्या?’ हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, नंदू तिथेच धार काढत बसलेला असताना. आणि मला मात्र ‘माझी पोरगी सायेब हा’ म्हणून मिरवायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? खूप आवडायचं.

आरेत पावसाळ्यात गवत मावत नाही. जिकडे बघाल तिकडे हिरवं, म्हशी खाऊन कंटाळतात. होळी झाली की तेच रान करडं पडतं आणि मग सुका पेंढा, महागाचं खाद्य, आणि दूध खाली. दर उन्हाळ्यात अप्पा म्हशी विकायच्या गोष्टी करायचे. तेव्हा मी मोबाइलवर बघून-बघून आणि सुट्टी टाकून एक दिवसाचं शिबिर करून मुरघासाचं खूळ डोक्यात घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. हिरवा मका बारीक कापायचा, खड्ड्यात किंवा टाकीत थराथराने भरायचा, प्रत्येक थर पायांनी तुडवून आतली हवा घालवायची, वर जाड प्लॅस्टिक अंथरून माती आणि विटांचं वजन ठेवायचं. मग दोन महिने त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हवा शिरली नाही तर चारा सडत नाही, मुरतो, आणि उन्हाळाभर म्हशींना हिरव्याची चव मिळते. सगळी मेख हवेत आहे. लोणच्याची बरणी आई जशी कोणाला उघडू देत नसे, तसंच.

गोठ्यामागे एक जुना सिमेंटचा हौद होता, कोरडा ठणठणीत. बाजूच्या एका कोपऱ्याला चढायला पायऱ्या. मी म्हटलं, इथे भरू. अप्पा आधी नाही म्हणाले, मग पोरगी सायेब असल्यामुळे हो म्हणाले. पण हो म्हणताना एक अट घातली, आणि ती नंदूला ऐकू जाईल अशी घातली. हे जमलं आणि उन्हाळा निघाला, तर गोठा नंदूच्या हाती देईन. नाही जमलं, तर म्हशी विकून मोकळा होईन.

नंदूचा चेहरा मला अजून दिसतो. तो उठला आणि हौद झाडायला गेला.

दसऱ्यानंतर वाडा तालुक्यातून मक्याचा टेम्पो आला. शेजारच्या गोठ्यातल्या रामनरेशचं चारा बारीक कापायचं कडबाकुट्टी यंत्र मागून आणलं. तुडवायला कोण? अप्पांनी रामनरेशची माणसं सुचवली. नंदू म्हणाला, मी तुडवणार. अप्पांनी नाक मुरडलं. मी मध्ये पडले, कसं तुडवायचं ते नंदूला दाखवलं, आणि तो आत उतरला. त्याचं तुडवणं बघायला हवं होतं तुम्ही. उजवी टाच जोराने रोवायची, मग डावा पाय ओढून आणायचा, कमरेतून भार टाकायचा, आणि पुन्हा. हौदाच्या कडेकडेने असा गोल, मग उलट्या दिशेने गोल, म्हणजे जिथे डावा पाय पडला तिथे पुढच्या फेरीला उजवा पडेल. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपला पाय कसा आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने स्वतःच काढलेली युक्ती. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, आणि तरी म्हणायचा, “ताई, त्या कडेला परत एकदा फिरतो गं. मन भरत नाही.”

अप्पा वरून ओरडले, “पुरे रे! म्हशींका ता खावचा आसा, निजूचा नाय तेच्यार!”

आम्ही सगळे हसलो. नंदूही हसला आणि परत फिरला. संध्याकाळी प्लॅस्टिक अंथरून, कडा मातीने लिंपून, वर विटा आणि जुने टायर ठेवून हौद बंद केला. मीच सगळ्यांना बजावलं — दोन महिने कोणी हात लावायचा नाही. बोट नाचवून बजावलं. अप्पांनासुद्धा.

आणि मीच उघडला.

हे एवढं सांगितलं तरी जरा हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही, कारण हे काहीच नाही. पुढचं वाईट आहे. पण आधी हे तरी नीट सांगते.

पहिल्यांदा उघडला तो उत्सुकतेपोटी. तीनेक आठवडे झाले असतील. अप्पा आणि नंदू म्हशी धुवायला गेले होते. पायरीवर चढले, कोपऱ्यातल्या विटा बाजूला केल्या, कडेची माती खरवडली, प्लॅस्टिक उचकटलं आणि हात आत घातला. काय वास होता! आंबट-गोड, जरासा ताडीसारखा. मूठभर काढून हुंगला, परत दाबला, माती लिंपून विटा ठेवल्या. इतका आनंद झाला मला, की तो एकटीने भोगवेना. पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीतल्या बायकांना आरेत फिरायला घेऊन आले. थंडीचे दिवस, सगळ्यांना झाडी बघायची होती. झाडी बघून झाली, मग मी त्यांना गोठ्यावर नेलं आणि पायरीवर चढून प्लॅस्टिक उचललं. “वास घ्या, घ्या ना,” असं म्हणून एकेकीच्या नाकाशी मूठ नेली. ‘अय्या, तू हे सगळं करतेस?’ म्हणाल्या. फोटो काढले. त्या फोटोत मी हौदावर उभी आहे, हातात मका, पदर खोचलेला, जशी काही सगळी शेती माझ्याच जिवावर चाललीय. नंदू फोटोत नाही. तो बायकांसाठी चहा करत होता.

मग ऑफिसातले लोक आले. मग नवऱ्याचा मित्र, त्याची बायको, त्यांची मुलं. दर वेळी तोच कोपरा, कारण पायऱ्या तिथेच होत्या. दर वेळी मी अप्पा-नंदू आसपास नाहीत ना, एवढं बघून घ्यायचे. बघून घ्यायचे, म्हणजे मला कळत होतं ना? कळत होतं. शिबिरात हेच तर शिकवलं होतं. पण दोन मिनिटांनी काय होतंय, कोपरा तर आहे, परत दाबलं की झालं, असं मी स्वतःला सांगायचे. आपण स्वतःची समजूत किती चटकन घालतो, नाही? दुसऱ्याची घालायला तास लागतात.

शेवटच्या वेळी हात आत घातला तर चारा कोमट लागला. बाहेर काढलेल्या मुठीवर पांढरट लव होती. वासही बदललेला — कुबट, ओल्या गोणपाटाचा. पाहुणे खाली उभे होते. मी हसून म्हटलं, आज नको, जास्त उघडणं बरं नव्हे. ती मूठ तशीच आत कोंबली, तळव्याने दाबली, प्लॅस्टिक ओढलं. त्या दिवशी खाली उतरून नुसतं म्हणाले असते, ‘अप्पा, माझ्याकडून चूक झाली, हा कोपरा काढून टाका,’ तर? टोपली-दोन टोपल्या मका वाया गेला असता. अप्पा चिडले असते. बस. एवढंच झालं असतं. पण अप्पा माझ्यावर चिडले आहेत हे मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं, आणि ते मला बघायचं नव्हतं.

दोन महिने भरल्यावर हौद उघडला. नारळ फोडला, म्हशींना कुंकू लावलं. चारा काढायला सुरुवात साहजिकच पायरीकडून झाली, टोपली घेऊन चढता-उतरता येतं तिथूनच. वर काळपट थर दिसला. मी पुढे झाले आणि जाणकारासारखं म्हटलं, “वरचा थर असा असतोच. तो फेका, खालचं चांगलं आहे.” खालचं चांगलं नव्हतं. वास कमी होता एवढंच. आणि मी सायेब, म्हणून कोणी शंका घेतली नाही.

आता चंद्रीबद्दल सांगायला हवं. कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्हैस. तिची आई वेताच्या वेळीच गेली होती आणि नंदूने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती त्याच्या आवाजाला मान वळवायची. तो पाय ओढत आला की त्या आवाजालाही. त्या वेळी ती गाभण होती आणि पहिला हिरवा घास तिच्यापुढे टाकायचा मान नंदूने तिलाच दिला. तिने आवडीने खाल्लं. नंदू माझ्याकडे बघून हसला. मी पण हसले.

बाकीच्या म्हशी निभावल्या, पण गाभण चंद्रीने आठवडाभरात खाणं टाकलं. तोंडातून लाळ, मान एका बाजूला, आणि मग एके सकाळी गाभ टाकला, दिवस भरायच्या खूप आधी. डॉक्टर आले. तिला तपासलं, गव्हाणीतला चारा हातात घेऊन चोळला, हुंगला आणि म्हणाले, “हा चारा आधी बंद करा. बुरशी आहे यात. हौदात कुठून तरी हवा शिरलीय. भरताना नीट दाबला नव्हता का?”

साधा प्रश्न होता. डॉक्टरांना काय माहीत कोणी दाबला ते. पण सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. अप्पांच्या, रामनरेशच्या. आणि सांगायला नको, माझीही. मी नंदूच्या पायाकडे बघितलं. मला सगळं माहीत असून मी त्याच्या पायाकडे बघितलं. ती नजर नंदूने पकडली. इतर कोणी बघितलं असतं तर त्याने विनोद केला असता. मी बघितलं, तर त्याने मान खाली घातली.

“लंगड्या पायान तुडवलेला ता,” अप्पा म्हणाले. “दुसरा काय होतला?”

मी गप्प बसले. चंद्री दोन-तीन दिवसांनी गेली. नंदू तिच्याजवळून उठला नाही, गेल्यावरही बराच वेळ उठला नाही.

इथपर्यंत ऐकून तुम्ही मला कदाचित माफही कराल. माणूस घाबरतं, गप्प राहतं, असं होतं. म्हणूनच सांगते, थांबा. मी नुसती गप्प राहिले नाही.

अप्पांनी हौद रिकामा करायला सांगितला. नंदू आत उतरायला निघाला तर त्याला म्हणाले, तू पाय घालू नको. म्हणून मी ऑफिसला सुट्टी टाकली आणि रामनरेशकडची दोन माणसं घेऊन स्वतः हौदात उतरले. अप्पा म्हणाले, पोरगी बघा कशी उभी राहते वेळेला. खरं कारण वेगळं होतं. तो कोपरा दुसऱ्या कोणी नीट बघितलेला मला नको होता.

पायरीकडचा भाग काळा, चिकट, वाफाळता. तो उपसला. मग फावडं मधल्या भागात गेलं आणि वास बदलला. तो पहिल्या दिवशीचा वास — आंबट-गोड. पिवळसर हिरवा, ताजा, घट्ट मका. इतका घट्ट की फावडं सहज आत जाईना. पलीकडचे तिन्ही कोपरे तसेच. सुरीने कापावा असा चारा. मुठीत दाबून सोडला तर गोळा हळूहळू उकलायचा, जसा उकलायला हवा अगदी तसा. नंदूच्या डाव्या पायाची बाजू, उजव्या पायाची बाजू, कुठेही पोकळी नाही. शिबिरात दाखवलेला मुरघास यापेक्षा चांगला नव्हता. त्या दोन माणसांतला एक थांबला आणि म्हणाला, “दीदी, ये तो बढ़िया माल है. इसको क्यों फेंक रहे हो?”

बघा, किती सोपं होतं. नुसती हाक मारायची होती — नंदू, अप्पा, इकडे या, बघा. त्यांनी बघितलं असतं की खराब झालाय तो फक्त पायरीकडचा कोपरा. तुडवणं कच्चं राहिलं असतं तर एकाच कोपऱ्यात, तेही नेमकं चढायच्या जागी, असं कसं झालं असतं? अप्पा काही खुळे नव्हते. त्यांनी प्लॅस्टिकची ती पुन्हापुन्हा उचकटून चुरगळलेली कडा बघितली असती, आणि मग माझ्याकडे बघितलं असतं.

मी त्या माणसाला म्हटलं, “डॉक्टरने बोला है. सब फेंको. गोबर में मिलाके फेंको.”

आणि त्याच वेळी गोठ्याच्या दारातून नंदूचा आवाज आला. अप्पांनी बजावलं होतं म्हणून तो हौदाजवळ आला नव्हता, तिथूनच विचारत होता. “ताई, पलीकडचं कसं निघालं गं? ते पण गेलंय का?”

किती आशेने विचारलं होतं त्याने. आज सांगताना ते कळतं असं म्हणू का? नाही. तेव्हाही कळलं होतं.

“सगळं तसंच रे,” मी म्हटलं. “सगळं काळं पडलंय.”

हेच ते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. एवढं एक वाक्य. माझ्या हातात तेव्हा चांगल्या मक्याची मूठ होती, तिचा वास माझ्या बोटांना होता, आणि मी वर मान करून भावाला सांगितलं की तुझं सगळं काम वाया गेलं. मग उकिरड्यावर उभी राहून तो चारा शेणात कालवून घेतला. वरून बादल्यांनी पाणी मारायला लावलं, वास राहू नये म्हणून. म्हशी गोठ्यातून रेकत होत्या. त्यांना वास आला असणार. दावणीला उपाशी तोंडं असताना मी चांगलं अन्न मातीत घातलं, माझं नाव खराब होऊ नये म्हणून.

अप्पांनी उन्हाळ्याच्या आधीच म्हशी विकल्या. गोठा सोडला. दहिसरला चाळीत आमची जुनी खोली होती, तिथे दोघं राहायला गेले आणि नंदूला ओळखीने साकीनाक्याला काम लागलं. म्हशी टेम्पोत चढवताना नंदूने एकेकीच्या पाठीवर हात फिरवला. मी तिथे होते. मी पाण्याची बाटली धरून उभी होते.

तुम्ही विचाराल, मग नंतर कधी सांगितलं नाहीस? वेळ काय कमी होता? कमी नव्हता. दर रविवारी मी दहिसरला जायचे, डबा घेऊन. माझ्यासारखी बहीण नाही म्हणतात चाळीतले. नंदू स्वतःच विषय काढायचा कधीकधी. “ताई, मला वाटतं डाव्या अंगालाच कच्चं राहिलं गं. मी दोनदा फिरलो होतो, तरी राहिलंच. तू एवढं शिकून आलीस आणि माझ्यामुळे वाट लागली.” मी म्हणायचे, जाऊ दे रे, किती दिवस तेच. त्याला वाटायचं ताईचं मन मोठं आहे. शेजाऱ्यांनाही सांगायचा तो, की तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही.

अप्पा गेले त्याच्या आधी महिनाभर अंथरुणाला खिळून होते. सगळं नंदूनेच केलं. एका दुपारी मी त्यांचे पाय चेपत बसले होते आणि त्यांनी नंदूला जवळ बोलावलं. त्यांचा आवाज पार बसला होता. म्हणाले, “नंद्या, मी तुका खूप बोललंय. ता तुझ्या हातात नव्हता रे. देवानच पाय तसो दिल्यान, तू काय करतलस?”

म्हणजे माफ केलं त्यांनी त्याला. जे त्याने केलंच नव्हतं त्याबद्दल. आणि नंदू रडला. अप्पांचा हात धरून लहान मुलासारखा रडला, सुटल्यासारखा. तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं ना मी? अप्पांना कळायला हवं होतं की पाय ठीक होता, पोरगा ठीक होता, त्यांनी आयुष्यभर चुकीच्या पोराला हिणवलं. मी पाय चेपत राहिले. मनात काय आलं ते पण सांगून टाकते — आता अप्पा जातील, मग कळणार कोणाला? असं आलं. वडील मरणाच्या दारात आणि माझ्या मनात हे.

अप्पांना जाऊन आता वर्ष उलटून गेलं. गेल्या भाऊबीजेला नंदू मुलुंडला आला. ओवाळून झालं, मी फराळाचं ताट पुढे ठेवलं आणि त्याचा फोन वाजला. त्याला नीट ऐकू यावं म्हणून तो नेहमी स्पीकर लावतो. रामनरेश होता, आरेतूनच. अजून गोठा चालवतो. म्हणाला, “नंदूभाई, इस साल हम भी मुरघास डाल रहे हैं. मका आ गया है. आप आके दबवा दो ना. आपके जैसा मेहनत से दबाते किसी को नहीं देखा.”

मी ताटात करंजी ठेवत होते, तशीच थांबले. नंदूच्या चेहऱ्यावर क्षणभर काय उजळलं ते मी बघितलं. तेच, जे हौद झाडायला उठला तेव्हा होतं. इतकी वर्षं स्क्रू भरून ते गेलेलं नव्हतं.

मग ते विझलं. “नहीं रे भाई,” तो म्हणाला, “मेरे पाँव के नीचे चारा टिकता नहीं. तेरा जानवर मरेगा. दूसरा कोई देख.” फोन ठेवला, डाव्या गुडघ्यावर हात घासला आणि माझ्याकडे बघून विनोद करायला लागला की आपला पाय म्हणजे म्हशींचा काळ आहे, आपण स्क्रूच बरे, स्क्रू मरत नाहीत.

नवरा हसला. मुलगी हसली. मी त्याच्या ताटात अजून एक करंजी ठेवली आणि म्हटलं, खा, गार होईल. करंजी काय गार व्हायची असते?

बोटं पुसत तो उठला तेव्हा मी दारापर्यंत गेले. जिन्यावर त्याने नेहमीसारखा कठडा धरला, आधी उजवा पाय टाकला, मग डावा ओढून आणला. टाच रोवून, कमरेतून भार टाकून. मक्याच्या थरावर तो असाच चालला होता, एकदा या दिशेने, मग उलट्या दिशेने, मन भरेपर्यंत.

नंदूने हौद चांगला तुडवला होता. चारही कोपरे. पायरीकडचा मी उघडला, आणि बाकीचे तीन मी फेकून दिले.